शिड्या कुणी मोडल्या?

ऑक्टोबर २००८ मध्ये अरविंद अडिगा यांच्या ‘द व्हाइट टायगर’ या पहिल्याच कादंबरीला मॅन बुकर पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा आपल्याकडे दोन परस्परविरोधी प्रतिक्रिया उमटल्या. इंग्रजी वृत्तपत्रांनी आणखी एका भारतीयाने जागतिक यश मिळवल्याचा आनंद साजरा केला. तर अनेक सुशिक्षित घरांतून, भारताचे दारिद्र्य परदेशी बाजारात मांडून विकण्याचा हा उद्योग आहे, असा संताप व्यक्त झाला. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये विकास स्वरूप यांच्या कादंबरीवर आधारित ‘स्लमडॉग मिलिओनेर’ या चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाली आणि तो संताप दुणावला. २०२१ मध्ये ‘द व्हाइट टायगर’वरही चित्रपट निघाला. आता या साऱ्यावरून पुष्कळ काळ लोटला आहे. कौतुकाचा भर ओसरला, रागही निवाला. तेव्हा या कादंबरीने आणि तिच्या आगेमागे आलेल्या काही साहित्यकृतींनी आपल्यापुढे नेमका कोणता प्रश्न ठेवला, याचा शांतपणे विचार करण्यास हरकत नाही.

कथानक थोडक्यात असे. बलराम हलवाई हा बिहारमधील गया जिल्ह्यातल्या एका खेड्यातील रिक्षा ओढणाऱ्याचा मुलगा. वर्गात सर्वांत हुशार. शाळा तपासायला आलेला अधिकारी त्याला शिष्यवृत्तीचे आश्वासन देतो. पण घरातल्या एका मुलीच्या लग्नाच्या खर्चासाठी कर्ज काढले जाते आणि ते फेडण्यासाठी त्याची शाळा सुटते. तो चहाच्या दुकानात कामाला लागतो. वडील क्षयाने मरतात ते अशा सरकारी रुग्णालयात, जिथे डॉक्टरच नाही. पुढे तो गाडी चालवायला शिकतो, एका जमीनदार कुटुंबाचा चालक होऊन दिल्लीला येतो, मालकाच्या पत्नीच्या हातून झालेल्या अपघाताचा दोष स्वतःवर घेण्याच्या कागदावर सही करतो. शेवटी तो मालकाचा खून करतो, लाच देण्यासाठी नेली जात असलेली सात लाखांची रक्कम घेऊन पळतो आणि बेंगळुरूमध्ये कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांची ने-आण करणारा यशस्वी उद्योजक बनतो. ही सारी हकिगत तो चीनच्या पंतप्रधानांना लिहिलेल्या पत्रांतून सांगतो. पश्चात्ताप त्याला शिवत नाही.

या चित्रणावर घेतलेले आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हते, हेही सांगितले पाहिजे. अडिगा यांचा जन्म चेन्नईचा, शिक्षण कोलंबिया आणि ऑक्सफर्डचे, पेशा पत्रकाराचा. त्यांनी रंगवलेल्या खेड्यात घर म्हणजे केवळ कमावत्या मुलाला पिळून काढणारी आजी, देवधर्म म्हणजे केवळ गुलामगिरीचा आधार आणि शेजार म्हणजे केवळ हेरगिरी. दुष्काळात एकमेकांना दाणे देणारी, बाळंतिणीला दोन्ही वेळचे जेवण पोहोचवणारी, वारीत एका पंगतीला बसणारी खेडी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र अर्धे वाटणे स्वाभाविक आहे. इंग्रजी न येणाऱ्या माणसाच्या तोंडी लेखकाने घातलेले चतुर इंग्रजीही अनेकांना खटकले. अर्धे चित्र पूर्ण म्हणून जगापुढे गेले, तर त्याविषयी बोलण्याचा आपल्याला अधिकार आहेच.

मात्र चित्र अर्धे आहे, म्हणजे ते खोटे आहे असे नव्हे. टीका करताना आपण या भेदाकडे दुर्लक्ष केले. बलरामच्या शाळेतील मास्तर मुलांच्या जेवणाचे पैसे खातो, गणवेश विकून टाकतो. आणि त्याला स्वतःला कित्येक महिने पगार मिळालेला नाही, म्हणून गावही त्याला दोष देत नाही. गुडगावच्या झगमगत्या मॉलच्या दारात पायात साधी चप्पल असलेल्या माणसाला अडवले जाते. उंच इमारतीतील मालकांच्या गाड्या सांभाळणारे चालक त्याच इमारतीच्या तळघरात झुरळांच्या सोबतीने झोपतात. यांतले काय खोटे आहे? आणि हे समजण्यासाठी आपल्याला इंग्रजी कादंबरीची वाट पाहावी लागली, हे कशाचे लक्षण आहे?

आमच्या मते या कादंबरीतील सर्वांत महत्त्वाची घटना खून ही नव्हे. महत्त्वाची घटना ती, जेव्हा एका हुशार मुलाची शाळा सुटते आणि कुणालाही त्याचे काही वाटत नाही. वर चढण्याची सरळ शिडी तिथे मोडली. पुढचे सारे त्यातून आले. महत्त्वाकांक्षा ही काही वाईट गोष्ट नव्हे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात एखादा आजोबा असा असतोच, जो माधुकरी मागून किंवा वार लावून शिकला आणि ज्याच्या कष्टांवर पुढच्या तीन पिढ्या उभ्या राहिल्या. त्याची महत्त्वाकांक्षा बलरामपेक्षा कमी नव्हती. त्याला शिडी मिळाली होती, आणि ती समाजाने धरून ठेवली होती. ज्याला ती मिळत नाही, त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: खालीच राहणे किंवा भिंत फोडणे. आजची कादंबरी भिंत फोडणाऱ्याला नायक करते, आणि त्याचे कारण लेखकाच्या मनात शोधण्याआधी ते समाजाच्या व्यवहारात शोधले पाहिजे.

येथे आपल्या मराठीतील एका थोर कादंबरीची आठवण होते. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ मध्ये प्रकाशित झाली. वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेल्या, दीड दिवसाच्या शाळेनंतर मुंबईत श्रमिकाचे जीवन जगलेल्या या लेखकाचा नायकही लूट करतो, कायदा मोडतो. पण फकिरा लुटतो तो दुष्काळात भुकेने तडफडणाऱ्या आपल्या माणसांच्या तोंडी घास पडावा म्हणून, आणि त्याची किंमत स्वतःच्या प्राणाने मोजतो. बलराम लुटतो तो स्वतःसाठी. आपल्या कृत्याचा सूड मागे गावात आपल्या कुटुंबावर उगवला जाईल हे ठाऊक असूनही तो पाऊल उचलतो, आणि किंमत त्याच्या घरची माणसे मोजतात. दोघेही समाजाच्या तळातून आलेले, दोघेही अन्यायाने पेटलेले. मधल्या पन्नास वर्षांत ‘आम्ही’ जाऊन ‘मी’ उरला. साहित्यातला हा बदल विषमतेच्या कोणत्याही आकडेवारीइतकाच बोलका आहे. कारण विषमता वाढली तरी समाज टिकतो, पण एकट्याने वर जाणे हाच मुक्तीचा एकमेव मार्ग ठरला, की समाज म्हणून काही उरत नाही.

ज्याने भिंत फोडली नाही, त्याचे काय झाले, हेही आपल्याच भाषेतील एका कादंबरीने सांगितले आहे. बुलढाणा जिल्ह्यातील सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिचा नायक एकनाथ हा शेतकऱ्याचा उच्चशिक्षित मुलगा. शिक्षक होण्याची सर्व पात्रता त्याच्याकडे आहे. नाहीत ते फक्त संस्थाचालकांना द्यायचे पैसे. नोकरी नाही म्हणून तो शेतीत राबतो आणि शेती पोटाला पुरत नाही. नवरा नोकरीला लागेल, शहरात बिऱ्हाड होईल या आशेने त्या घरात आलेली त्याची पत्नी अलका हळूहळू कडवट होत जाते. अलकाला दोष देणे सोपे आहे. पण चार खोल्यांचे घर, नळाचे पाणी आणि मुलांना बरी शाळा मागणारी स्त्री काही जगावेगळे मागत नव्हती. एकनाथ प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे, शिकलेला आहे. आपण आपल्या मुलांना ज्या गुणांचा पाठ देतो, ते सर्व त्याच्या ठायी आहेत. तरीही तो हरतो. बुकर मिळालेल्या कादंबरीवर आपण जितके बोललो, त्याच्या दशांशाने तरी ‘बारोमास’वर बोललो का, हे ज्याचे त्याने स्वतःला विचारावे. परदेशात आपली नाचक्की झाली म्हणून आपण अस्वस्थ झालो. घरात आपला मुलगा हरला, त्याची अस्वस्थता तेवढी तीव्र नव्हती.

एकनाथची गोष्ट जुनी झाली, असेही म्हणता येत नाही. शिक्षकांच्या नेमणुकीतील देवघेव थांबावी म्हणून पात्रता परीक्षा आली, पुढे ‘पवित्र’ ही संगणकीय भरतीव्यवस्था आली. पण २०२१ च्या अखेरीस त्या पात्रता परीक्षेतीलच गैरव्यवहार पुणे पोलिसांनी उघड केला आणि पुढे साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. शिडीला कुलूप लावले, तर किल्लीच विकली गेली! ज्यांनी पैसे घेतले ते अपराधी आहेतच. पण ज्यांनी दिले, ते सारे कुणी गुंड नव्हते. आपल्यासारख्याच घरांतली, ‘सगळेच देतात’ असे म्हणून शेत किंवा दागिने गहाण टाकणारी माणसे त्यांत होती, हे नाकारता येणार नाही. आणि त्या प्रत्येक विकल्या गेलेल्या गुणपत्रिकेमागे एकेक एकनाथ बाहेर राहिला.

शहरातील कष्टकऱ्याची शिडी तर त्याहीपूर्वी मोडली होती. कोकणातून, घाटावरून आलेल्या तरुणाला गिरणगावाने पिढ्यान् पिढ्या उभे केले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर ते जगच विरत गेले. गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. या उलथापालथीत अधांतरी लोंबकळणाऱ्या माणसांच्या कथा जयंत पवार यांनी लिहिल्या. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या त्यांच्या संग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बापाला गिरणीत ओळख होती, हक्काचा पगार होता, गणपतीला गावी जाण्याची ऐपत होती. मुलगा त्याच जागेवरील मॉलच्या दारात रखवालदार म्हणून उभा राहिला, तर त्याने कशाची महत्त्वाकांक्षा धरावी?

इथवर वाचून, हा सारा तळच्या माणसाचा प्रश्न आहे, आपण फार तर सहानुभूती दाखवावी, असे कुणाला वाटेल. त्यांनी अडिगा यांची २०११ मध्ये आलेली ‘लास्ट मॅन इन टॉवर’ ही दुसरी कादंबरी अवश्य वाचावी. ती घडते मुंबईत, सांताक्रूझच्या वाकोला भागातील ‘विश्राम’ नावाच्या गृहनिर्माण सोसायटीत. इमारत जुनी, पाण्याची ओरड नेहमीची, पण वस्ती अब्रूदार: निवृत्त शिक्षक, हिशेबनीस, गृहिणी, छोटे व्यावसायिक. पुनर्विकासासाठी एक बिल्डर बाजारभावापेक्षा पुष्कळ अधिक रकमेचा देकार घेऊन येतो. अट एकच, सर्वांनी होकार द्यायचा. ‘मास्टरजी’ म्हणून सर्वांना आदरणीय असलेले विधुर शिक्षक योगेश मूर्ती नकार देतात. आरंभी ते नाही म्हणतात ते शेजारच्या पिंटो दांपत्यासाठी. कारण अंध श्रीमती पिंटो यांना ही इमारत हाताच्या स्पर्शाने पाठ झालेली असते. पुढे पिंटो मंडळीही डगमगतात, पोटचा मुलगा पाठ फिरवतो, आणि ज्यांच्या मुलांना मास्टरजींनी शिकवले तेच शेजारी अखेरीस त्यांचा जीव घेतात.

लक्षात घेण्यासारखे हे, की या शेजाऱ्यांत एकही खलपुरुष नाही. कुणाला मतिमंद मुलाच्या भविष्याची तरतूद करायची आहे, कुणाला उधारीतून सुटायचे आहे, कुणाला उतारवयात दोन दिवस सुखाचे हवे आहेत. प्रत्येकाची इच्छा रास्त आहे. बलरामच्या हातून खून झाला, तेव्हा त्याचे कारण दारिद्र्य म्हणून सांगता आले. इथे दारिद्र्य नाही, अज्ञान नाही. एका मोठ्या फ्लॅटचे स्वप्न आहे आणि त्याच्या आड येणारा एक माणूस आहे. महत्त्वाकांक्षेला ‘आपले माणूस’ दिसेनासे झाले, की वरच्या आणि खालच्या वर्गाची वाट एकाच ठिकाणी जाऊन पोहोचते, हा या दोन कादंबऱ्या एकत्र वाचल्यावर मिळणारा धडा आहे. वास्तवातही पुनर्विकासासाठी लागणारी संमती २०१९ च्या शासननिर्णयाने ७५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आली. रखडलेल्या धोकादायक इमारतींचा विचार करता त्यामागे व्यावहारिक कारणे आहेत. पण उरलेल्या ४९ टक्क्यांतील म्हाताऱ्या एकट्या माणसाशी कसे वागायचे, हे कोणताही शासननिर्णय ठरवू शकत नाही. ते शेजारधर्मानेच ठरायचे असते.

आता स्वतःच्या उंबरठ्याच्या आत पाहू. अनेक नव्या संकुलांत घरकाम करणाऱ्या बायकांनी आणि सामान पोहोचवणाऱ्या मुलांनी वेगळ्या लिफ्टने जावे, असा दंडक असतो. चहाचा कप वेगळा असतो. एका दिवसाचा खाडा झाला तर पैसे कापले जातात. पण आपण आठ दिवस गावाला गेलो तर ते तिच्या सुट्टीत धरले जातात. लग्नसमारंभात आपण पंगतीत असतो आणि आपला चालक रात्री अकरापर्यंत गाडीत उपाशी बसलेला असतो. यांतली कोणतीही गोष्ट क्रौर्य म्हणून केली जात नाही. ती सवयीने होते आणि म्हणूनच अधिक गंभीर आहे. जातीच्या विटाळाविरुद्ध तळमळीने बोलणाऱ्या माणसाच्या घरात वर्गाचा विटाळ सुखाने नांदू शकतो, हे आपण मान्य केले पाहिजे. समरसता सभागृहात सिद्ध होत नसते; ती लिफ्टच्या दारात आणि स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी सिद्ध होते.

शाळेचा प्रश्न तर याहून कळीचा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांतील प्रवेशाच्या पहिल्या इयत्तेच्या २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. आपल्या मुलाच्या बाकावर वॉचमनचा मुलगा बसणार, ही कल्पनाच अनेक पालकांना रुचली नाही. शाळांनी परताव्याच्या थकबाकीची तक्रार केली, आणि ती काही अंशी खरीही होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने, जवळ शासकीय किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी विनाअनुदानित शाळांना यातून सूट देणारा बदल केला. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. शिडी वाचली ती न्यायालयामुळे. ती वाचावी म्हणून सुशिक्षित समाजातून किती आवाज उठले? बलरामची शाळा सुटली तेव्हा गावातले कुणी बोलले नाही, असे आपण कादंबरीत वाचतो आणि हळहळतो. आपणही त्या गावाचेच रहिवासी ठरावे का?

यावर उपाय काय, असे विचारले जाईल. सरकारने करावयाच्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्यांचा पाठपुरावा झालाच पाहिजे. परंतु काही गोष्टी कुणाच्याही परवानगीशिवाय उद्यापासून करता येतात. घरी काम करणाऱ्या मावशींना आठवड्याची हक्काची सुट्टी आणि आजारपणातील पगार देता येतो. ‘द व्हाइट टायगर’ आली त्याच साली, म्हणजे २००८ मध्ये, महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्याखाली आपल्याकडील मावशींची नोंद झाली आहे का, हे विचारून, नसल्यास कागदपत्रे जमवून देता येतात. चालकाच्या किंवा वॉचमनच्या मुलाचा २५ टक्क्यांतील प्रवेशाचा अर्ज वेळेत भरून देता येतो. ती तारीख बहुधा त्याला ठाऊकच नसते. सेवावस्तीत अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्याला महिन्यातून दोन संध्याकाळी गणित शिकवायला जाता येते. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत वेगळ्या लिफ्टचा नियम रद्द करण्याचा ठराव मांडता येतो. आणि नोकरीसाठी, प्रवेशासाठी पैसे मोजण्याची वेळ आली तर नकार देता येतो. हा नकार महाग पडतो. पण तो दिल्याशिवाय भ्रष्टाचाराविरुद्ध बोलण्याचा नैतिक अधिकार आपल्याला उरत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचनाविषयी. ‘फकिरा’, ‘बारोमास’, जयंत पवारांच्या कथा घरात असाव्यात, मुलांनी त्या वाचाव्यात, जेवताना त्यांवर बोलणे व्हावे. परक्या भाषेतील अर्धे चित्र आपल्याला बोचत असेल, तर त्याला खरे उत्तर निषेधाच्या पत्रकाने मिळत नाही. ते आपल्या भाषेतील पूर्ण चित्र वाचून, आणि शक्य झाल्यास ते बदलून द्यावे लागते.

ज्या समाजात हुशार मुलाला वर येण्यासाठी सरळ शिडी असते आणि वर गेलेला माणूस ती खालच्यासाठी धरून ठेवतो, त्या समाजातही कादंबऱ्या लिहिल्या जातील. त्यांत दुःखही असेल. पण त्यांचा नायक हातात फुटकी बाटली घेऊन उभा नसेल. पुढच्या पिढीच्या लेखकाने आपल्याविषयी काय लिहावे, याचा मजकूर आज आपण आपल्या वागण्याने पुरवत आहोत. तो कसा असावा, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य अजून आपल्या हाती आहे.